निर्मलाबेन सांगत नाही

निर्मलानं मला जेवढा वैताग दिला तेवढा कोणी दिला नाही. शेठनं दिला नाही, मुकादमानं दिला नाही, आमच्या गोडादरा वस्तीच्या डासांनीही दिला नाही. डासाला टाळी मारता येते. हिला काय करणार? समोरच्या खोलीतली पोरगी, येता-जाता काका म्हणणारी.

मी चौथी शिकलेला माणूस. परभणीकडून सुरतला आलो आणि सगळी हयात कापडाच्या लूमवर काढली. त्यानं दोन गोष्टी झाल्या. कान गेले आणि आवाज वाढला. लूमच्या खडखडाटात बोलायची सवय लागलेला माणूस घरात मीठ मागितलं तरी भांडल्यासारखं मागतो. माझी बायको गिरजा माझ्या बरोबर उलटी. ती बोलायचीच नाही. 'जेवा', 'पाणी आलंय', 'दूध नासलं', झालं तिचं दिवसभराचं बोलणं. दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची, आणि कोणी काही विचारलं की मान हलवायची.

यंदा संक्रांतीनंतर ती गेली. तापाचं निमित्त झालं. पोरगा इच्छापोरला ठेकेदाराकडं कामाला आहे, तिकडंच बायको-लेकरं घेऊन राहतो. घरात आता मी एकटा. आवाज फक्त माझा, आणि तोही मला नीट ऐकू येत नाही.

तर ही न बोलणारी बाई सगळ्या जन्मात एकाच माणसापाशी मोकळं बोलली. निर्मलापाशी. दार लावून. काय बोलली ते मला आजपर्यंत कळालेलं नाही. पोरगी सांगत नाही. ह्याच्यावरून मी तिच्याशी किती वर्षं भांडतोय.

निर्मलाचा बाप रेल्वेत गँगमन. मूळ अकोल्याकडचा. घरात बुद्धाचा फोटो, त्याच्याखाली निर्मलाचे कबड्डीतले कप ओळीनं मांडलेले. पोरगी उंच, काटक, गुडघे कायम फुटलेले. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना पाण्यात कालवलेला खडू लावायची. गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी, आणि त्याच दोऱ्याला घराची किल्ली. त्यामुळं तिनं कुलूप उघडलं की कधी कधी शिट्टी वाजवत असल्यासारखी दिसायची, कारण तोंडात शिट्टी धरूनच कुलूप उघडायची.

स्वस्थ उभं राहायचं तिला माहीतच नाही. नळावर नंबर लावला असला तरी एक पाय ओट्यावर ठेवून टाच ताणत राहायची. खिशात भिजवलेले हरभरे. कोणी तावातावानं काही सांगायला आलं की म्हणायची, "आधी श्वास घ्या." मी म्हणायचो, "अगं, श्वास घेतल्याशिवाय का कोणी जिवंत राहतं?" तर म्हणायची, "काका, तुम्ही सोडता नुसता. घेतच नाही."

कॉलेज युनिव्हर्सिटीचं. शटल रिक्षा बदलत जायची. तिच्या बापाला विचारलं, पोरगी काय शिकते? तो म्हणाला, "मले काय माहीत भाऊ. शिकून राहिली तं शिकू द्या." मग तिलाच विचारलं. ती म्हणाली, "तीन गोष्टी काका. शिकवायचं कसं, ते. खेळाचं शास्त्र. आणि काउन्सेलिंग."

"ते शेवटचं काय?"

"माणसाचं ऐकून घ्यायचं."

"हे शिकायला कॉलेजात जावं लागतं? कान नाहीत का?"

"तुम्हाला आहेत की," ती म्हणाली. "काकू काय म्हणाल्या आत्ता?"

गिरजा मागून काहीतरी म्हणाली होती. मला ऐकूच आलं नव्हतं. गिरजा पदर तोंडाला लावून हसत होती. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की ह्या दोघींचं काहीतरी जमणार आहे.

खेळाच्या शास्त्राचा पहिला बळी मीच. मी रात्रपाळी करून आलेलो, सकाळची वेळ, डोळ्यात सुताची धूळ. ही दारात उभी. म्हणे, पन्नाशीच्या आसपासचा कष्टाचा माणूस पाहिजे. मी म्हणालो, गल्लीत दुसरं कोणी नाही का? तर म्हणाली, "बाकीचे नाही म्हणाले." म्हणजे मी हो म्हणालो असं तिनं धरूनच चालवलं होतं. आमच्या ओट्यावर चढायचं, उतरायचं, चढायचं, उतरायचं, तिच्या टाळीवर. गल्लीतली पोरं गोळा झाली आणि मोठ्यानं मोजायला लागली. रामेश्वर, दोन दारं सोडून राहणारा, तो दात घासत म्हणाला, "काका, वर जाताना नारळ फोडा." शेवटी तिनं माझं मनगट धरलं, घड्याळात बघितलं, आणि तोंड वाकडं केलं.

"काका, तुमचा दम फार लवकर सुटतो."

"अगं बाई, रातभर उभा होतो मी!"

"हे चांगलं सांगितलंत. लिहिते. आता उद्या झोप झाल्यावर परत."

परत! आणि दुसऱ्या दिवशी गिरजानंच मला उठवलं. "अवो उठा. पोरगी भाईर थांबलीय." तंबाखूचा मसाला मी कुठं ठेवतो ते पण गिरजानंच तिला दाखवलं. पुढं दोन महिने माझी पुडी सापडायची ती तांदळाच्या डब्यात नाहीतर देवामागं.

पण ह्याला वैताग म्हणायचं तर पुढच्याला काय म्हणावं? पुढं सुरू झालं काउन्सेलिंग.

आमच्या गल्लीची एक रीत होती. कोणाचं घरात बिनसलं तर चार जुनी माणसं बाहेर बाजेवर बसायची, दोन्ही बाजूंनी सगळ्यांसमोर ओरडून सांगायचं, आणि मग चौघं ठरवून द्यायचे, तुझं चुकलं, तू माफी माग, चहा आणा. त्या चौघांत मी एक. त्यामुळं निर्मला 'लोकांचं ऐकते' म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, आता निवाडा करायला शिकलेलं माणूस मिळालं. रामेश्वर आणि त्याची बायको तिच्याकडं गेले. भांडण रामेश्वरच्या आईवरून. गावाकडून म्हातारी आणायची का नाही. खोली एवढीशी, झोपायचं कोणी कुठं.

निर्मलानं दोघांना बसवलं. त्याला विचारलं, तुला काय वाटतं? तो बोलला. तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती बोलली. मग ही म्हणाली, "बरं." आणि गप्प.

रामेश्वर म्हणाला, "मग? चूक कोणाची?"

"ते मी कसं सांगू?"

"आता सगळं ऐकलंस ना?"

"ऐकलं. तुम्ही दोघांनी पण एकमेकांचं ऐकलं का?"

नवरा-बायको दोघंही भडकले. बाहेर आले ते एकजुटीनं तिला शिव्या देत. रामेश्वरची बायको म्हणत होती, "फुकट दुपार घालवली, ह्यापेक्षा काकांकडं गेलो असतो." मला बरं वाटलं. मी बाज टाकलीच होती. पण ते माझ्याकडं आले नाहीत, तिला नावं ठेवता ठेवता घरी गेले, आणि पुढच्या महिन्यात म्हातारी आली. झोपायचं काय ठरलं ते कोणाला कळालंच नाही. मी रामेश्वरला विचारलं तर म्हणाला, "आमचं ठरलं." म्हणजे आता गल्लीत माणसं आपसात ठरवायला लागली. मग आम्ही चौघांनी बाजेवर बसून काय करायचं?

मग कॉलेजनं तिला सांगितलं, एक माणूस असा शोधा जो बरेच दिवस येऊन तुमच्यापाशी बोलेल. त्याच्यावरच पेपरचे मार्क. ही दारोदार फिरली. गल्लीत कोण तयार होणार? सगळ्यांना हेच वाटे की पोरगी ऐकून घेते आणि उत्तर देत नाही, म्हणजे आपलंच नुकसान. ती आमच्या दारात येऊन बसली, हरभरे खात. मी म्हणालो, "सोड तो पेपर. नुसती शिट्टी वाजव."

गिरजानं टिकलीवरून मान वर केली नाही. म्हणाली, "मी बसते."

मला वाटलं माझ्या कानाची चूक. "कुठं बसतेस?"

"तिच्यापाशी. बोलायला."

"तू? आणि बोलायला?"

गिरजानं पुढची टिकली चिकटवली. दुसऱ्या दिवशी दुपारी निर्मला आली आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर." प्लेगच्या साली सगळं सुरत पळालं, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी रात्रपाळीचा, डोळा नुकता लागलेला. स्वतःच्या घरातून स्वतःची गोधडी घेऊन मी ओट्यावर. आतून कडी.

"तिच्या घरी का नाही बसत?" मी दाराला तोंड लावून ओरडलो.

आतून गिरजा म्हणाली, "भाईर बसा की. काय मरायलात का?"

खरी गोष्ट अशी की आमच्या खोलीची मागची भिंत लूमच्या शेडला लागून. शेड चालू असली की भांडी थरथरतात. आत काय बोललं ते दारात उभ्या माणसाला कळायचं नाही, आणि माझ्यासारख्याला तर नाहीच. मी दाराला कान लावून बघितला. लाकूड गरम होतं, एवढंच कळालं.

पण लूमवर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट येते. ओठ वाचता येतात. शेडमध्ये आम्ही असंच बोलतो. मग मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. आत निर्मला खिडकीकडं तोंड करून बसलेली, आणि गिरजाला तिनं माझ्याकडं पाठ करून बसवलेलं. गँगमनच्या पोरीला पण ठाऊक होतं, लूमवाले कसे बोलतात ते! मला दिसली ती फक्त गिरजाची पाठ. पाठ हलत होती. हसत होती का रडत होती, पाठीवरून कसं कळणार? एवढी वर्षं तिच्याबरोबर काढली, पण तिची पाठ वाचायची वेळ कधी आली नव्हती.

निर्मलानं माझ्याकडं बघितलं. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "सावलीत बसा."

एकदा असं झालं की लाइट गेली. शेड बंद पडली, सगळी गल्ली एकदम गप्प झाली. मी आनंदानं खिडकीशी गेलो. निर्मलानं हात वर केला होता, ट्रॅफिकच्या पोलिसासारखा. गिरजा थांबलेली. दोघी नुसत्या बसलेल्या, उकाड्यात, घामानं भिजलेल्या, एक शब्द नाही. कितीतरी वेळ तो हात वरच होता. मधेच तिनं हात बदलला. लाइट आली, लूम धडधडायला लागले, हात खाली आला आणि गिरजाची मान परत हलायला लागली. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवशी दार उघडल्यावर मी निर्मलाला ओट्यावरच धरलं. "काय म्हणत होती?"

"ते सांगता येत नाही, काका."

"माझी बायको आहे ती."

"हो की."

"माझ्याबद्दल काही?"

"आधी श्वास घ्या."

गिरजाला विचारलं तर ती म्हणाली, "चहा ठेवू का?" आणि चहात साखर जास्त. असं महिनाभर चाललं असंल. गिरजात फरक म्हणाल तर एकच पडला. दुपारी शेड चालू असताना ती टिकल्या बाजूला ठेवून नुसती बसायची. कोणाशी बोलत नव्हती, काही करत नव्हती. मी विचारलं, काय करायलीस? म्हणाली, "बसलेय." हे तिचं बसणं शेवटपर्यंत राहिलं. ताप आलेला असताना पण उशीला टेकून ती दुपारची बसायची, मागच्या भिंतीकडं बघत.

आता पेपरचं ऐका. निर्मलानं कॉलेजात जे लिहून दिलं त्यात काहीच नव्हतं म्हणे. एक बाई, अमुक वय, बोलली, बरं वाटलं. सरांनी ते परत केलं. नाव बदला, गाव बदला, पण ती काय बोलली ते पाहिजे, नाहीतर पास करता येणार नाही. सरांचं काही चूक नव्हतं. सगळेच तसं लिहितात. पण गिरजानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माझं काही कागदावर नको. आणि ही हो म्हणून बसली होती.

तिचा बाप माझ्याकडं आला. उन्हातून रुळावरनं आलेला, पायाला खडी लागलेली. "भाऊ, वयनीले म्हना न. दोन गोष्टी लिहू द्या म्हना. पोरीचं साल जाते."

मी गिरजाला सांगितलं. ती लगेच उठली, पदर खोचला, समोर गेली. मी मागून. तिनं निर्मलाला सांगितलं, "लिही गं बाई. माझ्यापायी साल घालवू नको."

निर्मला म्हणाली, "काकू, हे तुम्ही माझ्यासाठी म्हणताय."

"मग? कोणासाठी म्हणू?"

"तुम्हाला स्वतःला चालेल का?"

गिरजा बोलली नाही. तिचं न बोलणं मला पाठ होतं, पण ते तसलं नव्हतं. निर्मला म्हणाली, "मग नाही लिहीत."

मी ओरडलो. गल्ली गोळा होईल एवढं ओरडलो. "एवढं काय सोनं पुरलंय त्यात! तुझ्या बापाचं तोंड बघ. तुझ्याबरोबरच्या पोरी नोकरीला लागतील, आणि तू? कशापायी?" ती टाच ताणत उभी राहिली, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "तुम्हाला फार राग आलाय, काका." आता ह्यावर माणसानं काय करावं? भिंतीवर डोकं आपटावं?

साल गेलं. बाप महिनाभर तिच्याशी बोलला नाही. गिरजा रोज तिच्याकडं वाटीभर काहीतरी पाठवायची, कधी भाजी, कधी शेंगदाण्याची चटणी. वाटी मी घेऊन जायचो, म्हणजे बघा. पुढच्या वर्षी तिला गल्लीच्या टोकाचा एक म्हातारा सापडला. शेळीपासून स्वर्गवासी मेव्हण्यापर्यंत सगळं बोलणारा. वर तो म्हणायचा, "लिहिलं का? माझं नाव पण लिही, पूर्ण." त्याच्यावर ती पास झाली. मार्क चांगले पडले. म्हाताऱ्यानं पेढे वाटले, जणू तोच पास झाला.

मग ती मराठी शाळेत लागली. इकडं मास्तरणीला बेन म्हणतात, तशी ती निर्मलाबेन झाली. खेळाचा तास तिचा, आणि कोणी पोर रडत असलं, घरी मार खाऊन आलं असलं, तर तेही तिचंच. बापाला रेल्वेचं क्वार्टर मिळालं तसे ते गोडादऱ्यातून गेले. तरी गिरजाला भेटायला यायची. आली की मी एकदा विचारायचोच. तीही एकदा सांगायची, सांगता येत नाही. गिरजा दोघांकडं बघायची आणि चहा ठेवायची.

गिरजाच्या दहाव्याला निर्मला आली. बायांमध्ये भिंतीला न टेकता बसली, तशीच सरळ. खोली भरलेली. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "आता तरी सांगतेस का?" पोरानं माझा हात धरला. त्याला वाटलं बाप भ्रमला. निर्मलानं नुसत्या ओठांनी उत्तर दिलं. "आत्ता नाही." ते फक्त मला कळालं.

आत्ता नाही, म्हणजे नंतर, असं मी धरलं. चैत्रात एक दिवस चालत तिच्या शाळेत गेलो. मधल्या सुट्टीनंतरची वेळ. मैदानात पोरं खो-खो खेळत होती, म्हणजे बोंबलत होती. ही मधे उभी, तेच पांढरे बूट, केसात जरा पांढरं. मला बघून शिट्टी वाजवायची थांबली नाही.

"सांग आता," मी म्हणालो. "गेली ती. आता कोणाला काय व्हायचंय?"

"काकू गेल्या म्हणून मी सांगायला मोकळी झाले का?"

"अगं, मी काय परका आहे? मला एवढंच सांग, रडत होती का हसत होती. मला पाठच दिसली."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं आता बोलते. ओठ हलले पण. "ते सांगता येत नाही, काका."

मी तिथंच सुरू झालो. तिच्या कॉलेजला, शिट्टीला, तिच्या त्या श्वासाला, सगळ्याला नावं ठेवली.  मला हाताला धरून तिनं मैदानाच्या अगदी मधे नेलं, जिथं पोरांचा गोंधळ सगळ्यात जास्त. तिथं खेळाचं सामान ठेवायचं एक बाकडं होतं. बसा म्हणाली. मी म्हणालो, इथं कशाला? कोपऱ्यात झाड आहे, सावली आहे.

"इथं तुमचा आवाज कोणाला ऐकू जाणार नाही," ती म्हणाली. "बोला."

आणि ती माझ्या शेजारी उभी राहिली, तोंड पोरांकडं, कान माझ्याकडं. मला तिचे ओठ दिसत नव्हते. म्हणजे ती काही बोलणारच नव्हती.

मी बोललो. माझ्या त्या भांडकुदळ आवाजात, सगळं. पोरं पळत होती, धूळ उडत होती, ती मधेच शिट्टी वाजवत होती. गिरजापाशी पण कधी बोललो नव्हतो ते बोललो.

मधेच तासाची घंटा झाली. पोरं वर्गाकडं पळाली आणि मैदान एकदम गप्प झालं. निर्मलानं हात वर केला. मी अर्ध्या शब्दावर थांबलो. आम्ही दोघं तसेच. उन्हात तिचा हात वर, शिट्टी छातीवर, टाच ताणलेली. मी त्या हाताकडं बघत राहिलो. मग दुसरा वर्ग आरडाओरडा करत मैदानात शिरला, तिनं हात खाली घेतला, आणि मी पुढं बोलायला लागलो.

काय बोललो ते इथं लिहीत नाही. तिला जाऊन विचारा पाहिजे तर. ती सांगायची नाही.